उजेडाची बेगमी

आगोट तोंडावर आली, की आई एक जुनी वही काढीत असे. वसईच्या हिरव्या पट्ट्यातील वाडीवाल्या घरांत ही वही प्रत्येक गृहिणीच्या डोक्यात असायचीच. आईने ती कागदावर उतरवली होती, इतकेच. तांदूळ किती, सुके बोंबील आणि जवळा किती, मसाला किती, पडवीत रचायची लाकडे किती, हे सारे तीत मांडलेले असे. शेवटची ओळ मात्र ठरलेली होती : रॉकेल. दोन कंदील, तीन चिमण्या, आणि जूनच्या पहिल्या पावसापासून ८ सप्टेंबरच्या मारियामातेच्या सणापर्यंतच्या रात्री. या सर्वांचा मेळ घालून झाला, की ती एक माप जास्त धरीत असे. ‘हे कुणासाठी?’ असे मी विचारी. ‘ज्याचे संपेल त्याच्यासाठी,’ असे ती म्हणे.

मी चौथीत असताना घरात वीज आली. कंदील माळ्यावर गेले, त्यांच्या काचा कधीतरी फुटल्या, आणि वहीतील शेवटची ओळ गळाली. विजेबरोबर घरात उजेड आला हे खरे. पण उजेडाची बेगमी करण्याची सवय मात्र घरातून निघून गेली. ती गेल्याचे आम्हाला तब्बल पन्नास वर्षांनी कळले.

पुढे मी शिक्षक झालो. तीस वर्षे नववी-दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवले. एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले म्हणजे विजेचे एक युनिट खर्च होते, हे वाक्य मी फळ्यावर किती वेळा लिहिले असेल, याची गणती नाही. हे मुद्दाम सांगण्याचे कारण एवढेच, की पुढे जी चूक मी सांगणार आहे, ती न शिकलेल्याची चूक नव्हती.

२०२१ च्या एप्रिलमध्ये आईला कोरोना झाला. वय ब्याऐंशी. अठरा दिवसांनी ती रुग्णालयातून घरी आली, तेव्हा तिच्याबरोबर भाड्याने घेतलेले एक यंत्रही आले. खोलीतील हवेतून प्राणवायू वेगळा काढून देणारे ते कॉन्सन्ट्रेटर यंत्र तिच्या खाटेशेजारी रात्रंदिवस घरघरत असे. डॉक्टरांनी मिनिटाला दोन लिटर प्राणवायू सांगितला होता. आधारासाठी एक लहान सिलिंडर कोपऱ्यात उभा करून ठेवला होता. यंत्राच्या त्या आवाजाची आम्हाला इतकी सवय झाली, की त्याच्याखेरीज झोप येईना.

सोमवार, १७ मे रोजी तौक्ते चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यासमोरून गुजरातकडे सरकले. म्यानमारने सुचवलेल्या या नावाचा अर्थ पाल असा आहे, हे आम्ही वर्तमानपत्रात वाचून हसलो होतो. सकाळी अकराच्या सुमारास वाडीतला जुना आंबा तारांवर कोसळला आणि यंत्र थांबले. त्याने दोन-चार शिट्ट्या दिल्या आणि मग घर एकदम शांत झाले. आई त्या शांततेने जागी झाली. ‘वादळ गेले का रे?’ असे तिने विचारले. बाहेर तर वारा नुसता पिसाटला होता.

घरात जुना इन्व्हर्टर होता. पण त्याच्या बॅटरीत पाणी घालायचे आम्ही कधीच विसरून गेलो होतो. तेव्हा पुतण्या धावत आपली पेटी घेऊन आला. गडावर आणि समुद्रकाठी तंबू ठोकून राहण्याचा त्याला नाद. त्यासाठी त्याने पॉवर स्टेशन म्हणतात तसली एक पेटी घेतली होती. बॅटरी, तिच्यातील वीज घरच्या विजेसारखी करणारा इन्व्हर्टर आणि तिला भरणारा चार्जर, हे तिन्ही एकाच डब्यात बसवलेले असते. पेटीवर ठळक अक्षरांत ‘५०० वॅट’ असे लिहिलेले होते. आईच्या यंत्रावर ३५० वॅट. मी मनात वजाबाकी केली, दीडशे वॅट हाताशी उरतात असे ठरवले आणि सिलिंडर रात्रीसाठी राखून ठेवण्याचा शहाणा निर्णय घेतला. यंत्र पुन्हा घरघरू लागले. पत्नीने देवाचे आभार मानले.

चाळीस मिनिटांनी पेटी बंद पडली.

मी ती उचलून उलटी केली. तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत, दुसरा आकडा होता : २९६ वॅट-तास. पेटी एका वेळी किती जोर लावू शकते, ते वरच्या आकड्यात होते. तिच्या पोटात किती साठा आहे, ते खालच्या आकड्यात. इन्व्हर्टर आपला वाटा खातो, म्हणून २९६ मधले अडीचशेच हाती येतात. अडीचशेला साडेतीनशेने भागले, म्हणजे पाऊण तासही होत नाही. दहावीचे गणित होते, आणि ते मी आईच्या नाकातील नळी थंडावल्यावर केले.

दुपारी बाराच्या आत सिलिंडर सुरू केला. त्या आकाराच्या सिलिंडरात सुमारे दीड हजार लिटर प्राणवायू असतो. मिनिटाला दोन लिटर धरले तर साडेबारा तास. म्हणजे मध्यरात्र. या वेळी हिशेब आधी केला. गावातील चार तरुण पडलेल्या झाडांवरून चढत-उतरत, आळीपाळीने खांदा देत, संध्याकाळी दुसरा सिलिंडर घेऊन आले. दुसऱ्या दिवशी तिसरा आला. बुधवारी संध्याकाळी वीज परतली. आई वाचली. पण ती चाळीस मिनिटे माझ्या मनातून गेली नाहीत.

ही हकीकत पुढे कधीतरी मी आईला सांगितली. माझी चूक कबूल करावी म्हणूनच सांगितली. ती ऐकून घेऊन म्हणाली, ‘अरे, कंदिलाची वात केवढी ते तू पाहिलेस. तळाशी तेल किती ते नाही पाहिलेस.’

तीस वर्षांत वॅट आणि वॅट-तास यांतील भेद मी इतक्या सोप्या शब्दांत एकाही मुलाला सांगितला नव्हता.

आपणही एक मोठी पेटी घ्यावी, असे ठरले. ठरवले ते धाकट्या भावाने, मस्कतहून. वादळाच्या दिवशी तो तिकडे अडकला होता आणि फोनही लागत नव्हता. त्या दोन दिवसांचे ओझे त्याच्या मनावर होते. ‘दादा, पैशाचा विचार करू नकोस. बाजारातली सर्वांत मोठी घे,’ असे तो म्हणाला. येताना आपणच घेऊन येतो, असेही म्हणाला. ते शक्य नव्हते. लिथियम बॅटरी विमानात फक्त हातातील सामानात नेता येते आणि तीही शंभर वॅट-तासांपर्यंत. त्यापुढे एकशे साठपर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते, आणि त्याहून मोठी प्रवाशाला नेताच येत नाही. कॅनडातील भाचीने तिकडून पाठवण्याची तयारी दाखवली. पण तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. तिकडच्या पेटीवर इकडचे यंत्र चालायचे नाही. तेव्हा खरेदी इथेच, आणि जिथे बिघाड झाल्यास पेटी उघडून पाहणारा माणूस असेल तिथेच करायची, हे नक्की झाले.

दुकानात जाण्याआधी मी आईकडे गेलो. तिने वही मागवली. नवी वही, पण मांडणी तीच. ‘किती रात्री?’ हा तिचा पहिला प्रश्न होता. मी म्हणालो, एक रात्र पेटीवर काढायची आणि दिवसा ती कुठूनतरी भरून आणायची, असे धरू. मग ओळी पडू लागल्या. नऊ वॅटचे दोन दिवे, सहा तास : १०८ वॅट-तास. तीन फोन : ६०. वाफारा देणारे नेब्युलायझर दीडशे वॅटचे, पाव तास, तीनदा : ११२. पंखा दहा तास. इथे आम्ही अडलो. आमचा जुना छतपंखा ७५ वॅटचा. एका रात्रीत तो एकटाच ७५० वॅट-तास गिळतो. नव्या बीएलडीसी पद्धतीच्या पंख्याला तीसच वॅट पुरतात, म्हणजे रात्रीला ३००. आई म्हणाली, ‘मग आधी पंखा बदल. फुटक्या मडक्यात पाणी भरून काय उपयोग?’ पेटी घेण्याच्या दोन महिने आधी पंखा बदलला. पेटीची निवड तिथूनच सुरू झाली, असे मी आता मानतो. बेरीज ५८० झाली.

मग शेवटची ओळ आली : प्राणवायूचे यंत्र. आता ते तिला रात्रीपुरतेच लागत होते. ३५० वॅट, आठ तास : २८०० वॅट-तास. इन्व्हर्टरचा वाटा धरला तर तेहतीसशेची पेटी हवी. भाऊ म्हणत होता ती हीच. अशा पेटीचे वजन तीस किलोच्या पुढे जाते. आणि इथे मला २०१८ चा जुलै आठवला. त्या पुरात आमच्या ओटीवर गुडघाभर पाणी आले होते, आणि पत्नी व मी मिळून घरातले सामान माळ्यावर चढवत होतो. आम्ही दोघे साठीच्या पुढचे. जी पेटी आम्हाला दोघांना मिळून माळ्यावर नेता येत नाही, ती आणीबाणीची पेटी कसली? ती फर्निचर झाली. आणि पाण्यात बुडणारे फर्निचर.

भावाशी यावरून माझे बरेच वाजले. ‘आईच्या श्वासापेक्षा तुला तुझी कंबर मोठी वाटते का?’ असे तो एकदा बोलून गेला. ते मला लागले. पण उत्तर आईनेच दिले. तिने फोन मागून घेतला आणि त्याला सांगितले, ‘सगळे एकाच हंड्यात भरायचे नसते, बाळा. एक हंडा फुटला तर? दोन सिलिंडर भरून ठेवा. पेटी यंत्राला थोडा वेळ पुरली, की झाले.’ तिचे म्हणणे डॉक्टरांनाही पटले. प्राणवायूची मुख्य बेगमी सिलिंडरात. आणि वीज गेल्यापासून सिलिंडर जोडेपर्यंतचा, किंवा एक संपून दुसरा येईपर्यंतचा वेळ पेटीवर. ज्या घरात असे यंत्र आहे, त्या घराने केवळ पेटीवर विसंबू नये, हे मी अनुभवाने सांगतो.

अखेर २०२३ च्या मे महिन्यात आम्ही १०२४ वॅट-तासांची पेटी घेतली. वजन तेरा किलोच्या आतबाहेर, दोन्ही बाजूंना मुठी. किंमत पाऊण लाखाच्या घरात. जे एक युनिट तारेतून काही रुपयांत मिळते, तेच एक युनिट हवे त्या क्षणी हाताशी असावे, म्हणून एवढे पैसे मोजायचे! पण बेगमीची किंमत सुकाळाच्या भावाने करायची नसते.

घेताना आणखी तीन गोष्टी पाहिल्या. पहिली, विजेचा पोत. पेटीतून निघणारी वीज शुद्ध साइन लहरीची आहे ना, हे विचारून घ्यावे. आमच्या जुन्या इन्व्हर्टरची लहर चौकोनी होती. तिच्यावर पंखा कण्हत असे. अशा विजेवर मोटरी तापतात आणि वैद्यकीय यंत्रे रुसतात. दुसरी, सुरुवातीचा झटका. फ्रीज किंवा विहिरीवरचा पंप चालू होताना त्याच्या नेहमीच्या गरजेच्या कैक पट जोर काही क्षण मागतो. पेटीवर असा क्षणिक जोर वेगळा लिहिलेला असतो. एक अश्वशक्तीचा पंप चालवण्याचा मोह मात्र अशा पेटीवर धरू नये. पाण्याची टाकी आदल्या दिवशीच भरून ठेवावी.

तिसरी गोष्ट बॅटरीच्या जातीची. लिथियमच्या बॅटऱ्यांत मुख्य दोन जाती या पेट्यांत आढळतात. निकेल, मँगनीज आणि कोबाल्ट यांची जात हलकी, पण काही शे वेळा, फार तर हजारेक वेळा भरून-रिकामी झाली, की थकू लागते. लिथियम आयर्न फॉस्फेटची जात थोडी जड, पण तीन हजार वेळा किंवा त्याहून अधिक टिकते आणि उष्णतेत अधिक शांत राहते. पावसाची वाट पाहत वर्षानुवर्षे कपाटाखाली बसून राहणाऱ्या पेटीसाठी हीच जात बरी. या फॉस्फेटवरील मूळ शोधनिबंध १९९७ साली अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठातील जॉन गुडइनफ यांच्या गटाने प्रसिद्ध केला. त्यावर पाढी आणि नंजुंडस्वामी ही दोन भारतीय नावेही आहेत. गुडइनफ यांना २०१९ साली, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी, लिथियम बॅटरीच्या कार्याबद्दल नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. हे मी आईला सांगितले, तेव्हा ती म्हणाली, ‘म्हणजे मी अजून लहानच आहे.’

पुतण्याने अर्थातच ही पेटी गडावर नेण्याची मागणी केली. मी त्याला वहीतील हिशेब करायला बसवले. दोन रात्रींच्या गडफेरीला एक लहान दिवा आणि दोन फोन. एवढ्याला वीस हजार मिलीअँपिअर-तासांची साधी पॉवर बँक पुरते. तिच्यात ७४ वॅट-तास मावतात. ती खिशात राहते आणि विमानातही नेता येते. तेरा किलो पाठीवर घेऊन गड चढायचा, तो कशासाठी? गाडीने कुटुंबासह समुद्रकाठी राहायला जायचे असेल, तर मात्र मोठी पेटी शोभते. तेव्हा तिच्याबरोबर दोनशे वॅटचा सौर पत्रा न्यावा. दोनशे वॅट हा स्वच्छ ऊन सरळ पडले तरचा आकडा. प्रत्यक्षात दीडशे मिळाले तरी भाग्य. उन्हाळ्यात दिवसभरात पेटी बरीचशी भरते. कोकणच्या आषाढात मात्र त्याच पत्र्यावर पाचव्या हिश्श्याचाही भरवसा नाही. गाडीच्या बारा व्होल्टच्या जागेतून भरायची म्हटले, तर दहा-अकरा तास लागतात. तात्पर्य, सहलीसाठी सूर्य आणि पावसाळ्यासाठी आगाऊ भरणा, हा नियम.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. वादळाच्या दुसऱ्या दिवशी गावातील एका घरी जनरेटरची वायर भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचून सबंध घर उजळण्याचा बेत चालला होता. पेटीच्या बाबतीतही हा मोह होतो. असे केले, की वीज घरातून उलटी बाहेरच्या तारेत शिरते, रोहित्रापाशी तिचा दाब चढतो आणि ‘लाइन बंद आहे’ अशा विश्वासाने खांबावर चढलेल्या माणसाच्या हातात ती जाते. आमच्या गल्लीत दोन दिवस पावसात भिजत काम करणारे वायरमन कुणाचे तरी मुलगे होते. उपकरण थेट पेटीलाच जोडावे. भिंतीला कधीही नाही. आणि जनरेटर असेल तर तो घराबाहेरच असावा. त्याचा धूर बंद खोलीत माणसे मारतो. पेटीला धूर नाही, हा तिचा मोठा गुण.

पेटी आली तेव्हा आईने पुन्हा वही उघडायला लावली. १०२४ मधून इन्व्हर्टरचा वाटा वजा जाता सुमारे ८७० उरतात. रात्रीची गरज ५८०. शिल्लक २९०. ‘हे यंत्रासाठी, सिलिंडर बदलताना,’ असे मी म्हणालो. पाऊण तासाहून थोडे अधिक होत होते. ‘तेवढे नको ठेवू नुसते यंत्रासाठी,’ ती म्हणाली. ‘वरचे माप लिही.’ मी हसलो. अभियंते ज्याला राखीव क्षमता म्हणतात, तिला आमच्या घरात पूर्वीपासून निराळे नाव होते.

त्याच वर्षी जुलैत एका रात्री मुसळधार पाऊस लागला आणि नऊ वाजता वीज गेली. पेटीवर आमचा पंखा आणि एक दिवा चालू होता. आईला सिलिंडर जोडला होता. साडेअकराच्या सुमारास शेजारची सून छत्री घेऊन दारात उभी राहिली. तिच्या चार वर्षांच्या मुलाची छाती भरून आली होती, आणि नेब्युलायझर घरात असून विजेअभावी निकामी होते. मी पेटीच्या पडद्याकडे पाहिले. ७९ टक्के उरले होते. मन मोजू लागले. पहाटेपर्यंत पंखा, सकाळचे नेब्युलायझर, सिलिंडर बदलण्याची वेळ... माझी ती घुटमळ आईने अंधारातून पाहिली असावी. ‘वहीत लिहिलेले आहे ना?’ एवढेच ती म्हणाली.

मूल आमच्या ओटीवर आणले. पंधरा मिनिटे वाफारा घेतला, तासाभराने पुन्हा घेतला, आणि ते आजीच्या खाटेच्या पायथ्याशी झोपी गेले. दोन्ही वेळचे मिळून पेटीतले आठ-नऊ टक्के गेले. पहाटे पाचला वीज आली, तेव्हा पेटीत अजून पंचवीस टक्क्यांच्या आसपास शिल्लक होते.

आता दरवर्षी मे संपता संपता आमच्या घरी सुक्या मासळीबरोबर पेटीचीही तपासणी होते. ती पुरती भरायची, एक तास यंत्र चालवून पाहायचे, दोन्ही सिलिंडर भरून आणायचे. पावसाळा सरला, की ती साठ टक्क्यांवर ठेवून कोरड्या, थंड जागी ठेवायची आणि दर तीन महिन्यांनी थोडी भरायची. हे सारे वहीत लिहिलेले आहे, माझ्या अक्षरात. शेवटची ओळ तेवढी आईच्या थरथरत्या हातची आहे : ‘एक माप वर.’